स्कूटरचा हेडलाइट आणि विद्युत व्यवस्था

स्कूटरची विद्युत व्यवस्था म्हणजे इंजिनावर फिरणारा मॅग्नेटो, बॅटरी, रेग्युलेटर-रेक्टिफायर, वायरिंग, स्विच आणि दिवे यांची परस्परजोडणी होय. सेल्फ स्टार्टरचा क्षणिक भार वगळला तर या व्यवस्थेवरील सर्वांत मोठा भार हेडलाइटचा असतो. त्यामुळे व्यवस्थेतील अनेक दोष प्रथम हेडलाइटच्या मंद उजेडातून लक्षात येतात. उजेड कमी पडतो म्हणून केवळ जास्त वॅटचा बल्ब बसवल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि स्विच, वायर व बल्बचा होल्डर जळण्याचा धोका वाढतो. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत गावांना जोडणाऱ्या बहुतेक रस्त्यांवर पथदिवे नाहीत. गळीत हंगामात तेथे ऊस वाहणारी वाहने रात्रभर चालतात. अशा भागात दुचाकीच्या उजेडाचा प्रश्न थेट जिवाशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील स्कूटरचा इतिहास बजाज ऑटो या कंपनीशी जोडलेला आहे. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीला १९५९ मध्ये दुचाकी व तिचाकी वाहने बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. इटलीतील पियाजिओ कंपनीशी झालेल्या कराराखाली व्हेस्पा १५० ही स्कूटर भारतात तयार होऊ लागली. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये महाराणा प्रताप यांच्या घोड्याचे नाव दिलेली चेतक ही स्कूटर बाजारात आली. मराठवाड्यात वाळूज येथे कंपनीचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला.

या जुन्या स्कूटरमध्ये ६ व्होल्टची विद्युत व्यवस्था होती. हेडलाइट मॅग्नेटोवरच चाले. त्यामुळे स्कूटर उभी असताना दिवा मिणमिणत असे आणि ॲक्सिलरेटर पिळला की उजळत असे. पुढे १२ व्होल्टची व्यवस्था आणि पॉइंटऐवजी सीडीआय पद्धतीचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण उजेडाच्या दृष्टीने तो फार मोठा होता. २५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर सुमारे ४.२ अँपिअर, तर १२ व्होल्टवर सुमारे २.१ अँपिअर प्रवाह घेतो. वायर, स्विच व जोड यांचा मिळून ०.१ ओहम रोध धरल्यास पहिल्या व्यवस्थेत ०.४२ व्होल्ट, म्हणजे ७ टक्के दाब वाटेतच खर्च होतो. दुसऱ्या व्यवस्थेत हे प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्या आसपास राहते. जुन्या चेतकचा उजेड गंजलेल्या एका जोडामुळे निम्म्यावर येई, त्यामागे हेच गणित आहे.

रचना व कार्य

मॅग्नेटोमध्ये इंजिनाच्या दांड्यावर बसवलेली चुंबकयुक्त चकती स्थिर वेटोळ्यांभोवती फिरते. या वेटोळ्यांना स्टेटर कॉइल म्हणतात. त्यांत प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाह निर्माण होतो. इंजिनाचा वेग वाढला की दाबही वाढतो. तो मर्यादेत ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारा म्हणजे डीसी प्रवाह लागतो आणि तो रेक्टिफायर तयार करतो. हे दोन्ही भाग बहुधा एकाच डबीत असतात आणि गॅरेजमध्ये तिला आर.आर. युनिट म्हणतात.

हॅलोजन हेडलाइट असलेल्या अनेक स्कूटरमध्ये प्रवाहाच्या दोन वाटा असतात. हेडलाइट थेट एसीवर चालतो, तर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट व सेल्फ हे बॅटरीच्या डीसीवर चालतात. अशा गाडीत बॅटरी पूर्ण उतरली तरी किक मारून इंजिन सुरू केल्यावर हेडलाइट लागतो. इंजिन बंद करताच तो विझतो. हा दोष नसून रचनाच तशी आहे. याउलट एलईडी हेडलाइट असलेल्या नव्या स्कूटरमध्ये सर्व दिवे डीसीवर चालतात.

उजेड कमी होण्याची कारणे

फिलामेंट असलेल्या बल्बचा उजेड दाबाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. तो दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे बल्बपर्यंत पोहोचणारा दाब १० टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणूनच बल्ब बदलण्याआधी त्याच्या होल्डरवर दाब मोजणे आवश्यक ठरते. एसी व्यवस्थेत हे मोजमाप इंजिन चालू ठेवून, बल्ब जोडलेला असताना आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून करावे लागते. बल्ब काढून मोजल्यास खराब जोडही निर्दोष दिसतो, कारण प्रवाह वाहत नसेल तर दाबाची घटही होत नाही.

सर्वाधिक आढळणारा दोष बॉडी अर्थचा असतो. स्कूटरमध्ये प्रवाह परतण्याची वाट म्हणून लोखंडी सांगाडाच वापरला जातो. अर्थच्या वायरीचा स्क्रू गंजला किंवा त्याखाली रंगाचा थर राहिला, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. हॉर्न दाबल्यावर किंवा इंडिकेटर लावल्यावर हेडलाइट मंद होणे, अथवा ब्रेक दाबताच मागचा दिवा विझणे, ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. स्क्रू काढून जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्यास आणि जोडावर व्हॅसलिनचा पातळ थर दिल्यास हा दोष जवळपास विनाखर्च दूर होतो.

अप्पर-डिपरच्या स्विचमधील पितळी पट्ट्या काळ्या पडणे हे दुसरे कारण आहे. हँडल वळवताना दिवा लुकलुकत असेल, तर हँडलच्या मुळाशी सतत वाकणारी वायर आतून तुटलेली असण्याची शक्यता अधिक असते. वेग वाढवताच बल्ब वारंवार उडत असतील, तर नवे बल्ब आणत राहण्यात अर्थ नाही. रेग्युलेटर निकामी होऊन दाब मर्यादेबाहेर जात असल्याचे ते लक्षण आहे. परावर्तकावरील चांदीसारखा मुलामा उडाला असल्यास विद्युत व्यवस्था निर्दोष असूनही उजेड पडत नाही आणि तेथे हेडलाइटचा संपूर्ण संच बदलणे हाच उपाय राहतो.

बॅटरीची तपासणी तुलनेने सोपी आहे. पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरी काही तास विसावल्यानंतर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना हा आकडा साधारण १४ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. तो वाढतच नसेल तर दोष चार्जिंगमध्ये असतो, बॅटरीत नव्हे. फ्यूज वारंवार उडत असल्यास त्याजागी तांब्याची तार गुंडाळण्याची पद्धत ग्रामीण भागात सर्रास दिसते. ती धोकादायक आहे, कारण शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

मराठवाड्यातील परिस्थिती

नांदेड व लातूर ही शहरे राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने जोडलेली आहेत. हा मार्ग तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा विदर्भाकडे जातो. मांजरा नदीच्या खोऱ्यातील लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या गोदाकाठच्या पट्ट्यात उसाचे मोठे क्षेत्र आहे. गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात. ट्रॉलीचा मागचा दिवा बहुधा नसतो किंवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याचे आवाहन दर हंगामात केले जाते, ते याच कारणाने.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २१ मीटर जातात. कोरड्या रस्त्यावर थांबण्यासाठी आणखी जवळपास २० मीटर लागतात. डिपरचा उजेड निर्दोष असला तरी काळसर, न चमकणारी ट्रॉली याहून फार दुरून दिसत नाही. त्यामुळे मंद हेडलाइट असलेल्या चालकाला ब्रेकचा उपयोगच होत नाही.

येथील हवामान व पाणीही विद्युत व्यवस्थेला प्रतिकूल आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उघड्या प्रकारच्या बॅटरीतील पाणी लवकर आटते. ते भरून काढण्यासाठी बोअरचे पाणी घातल्यास त्यातील क्षारांमुळे बॅटरीच्या पट्ट्या खराब होतात. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाखालून उडून जोडांवर बसतो आणि वाळल्यावरही ओल धरून ठेवतो. वॉशिंग सेंटरवर जोरदार फवाऱ्याने गाडी धुतल्यावर दिवे बंद पडण्याच्या तक्रारी येतात, त्यामागे बहुधा जोडणीच्या सॉकेटमध्ये शिरलेले पाणी असते.

उजेड वाढवण्याचे उपाय

स्कूटरच्या हॅलोजन हेडलाइटमध्ये ३५/३५ वॅटचे बल्ब प्रचलित आहेत. त्यांपैकी एचएस१ या प्रकाराचा प्रमाणित उजेड १३.२ व्होल्टला अप्परसाठी ८२५ व डिपरसाठी ५२५ ल्युमेन इतका असतो. मोटारींमध्ये वापरला जाणारा ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब अनुक्रमे १६५० व १००० ल्युमेन देतो. या तुलनेमुळे एच४ किंवा १००/९० वॅटचा बल्ब बसवण्याचा मोह होतो. जुन्या १२ व्होल्ट स्कूटरच्या मॅग्नेटोची एकूण क्षमता मात्र साधारण ८० ते १०० वॅट असते. १०० वॅटच्या बल्बला सुमारे ८.३ अँपिअर लागतात. तेवढा प्रवाह मिळत नसल्याने दाब कोसळतो आणि उजेड अपेक्षेइतका वाढत नाही. प्लॅस्टिकचा परावर्तक उष्णतेने वितळू शकतो, हे वेगळेच.

हेडलाइट थेट बॅटरीवर जोडणे हा उपायही अर्धवट आहे. ३५ वॅटचा बल्ब जवळपास ३ अँपिअर प्रवाह घेतो, तर स्कूटरची बॅटरी ३ ते ५ अँपिअर-तासांची असते. चार्जिंग न वाढवता असे केल्यास ती एक-दोन तासांतच उतरते. योग्य पद्धतीत स्टेटर कॉइलचे अर्थ केलेले टोक सोडवून दोन्ही टोके सांगाड्यापासून अलग केली जातात आणि फुल-वेव्ह प्रकारचे आर.आर. युनिट बसवले जाते. त्यानंतरच हेडलाइट डीसीवर घेता येतो. बॅटरीपासून फ्यूज, जाड वायर आणि रिले यांमधून प्रवाह थेट बल्बकडे नेला की हँडलवरील स्विचमधून केवळ रिलेचा अल्प प्रवाह जातो. दाबाची घट कमी होते आणि मूळच्याच ३५ वॅटच्या बल्बचा उजेड लक्षणीय सुधारतो.

हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब कमी वॅट घेतात, ही त्यांची जमेची बाजू. एसीवर जोडल्यास मात्र ते लुकलुकतात किंवा लवकर निकामी होतात. दुसरी अडचण प्रकाशाच्या आकाराची आहे. परावर्तक हा फिलामेंटचे नेमके स्थान गृहीत धरून घडवलेला असतो. एचएस१ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते आणि तिच्यामुळे वर जाणारा प्रकाश अडतो. एलईडीच्या चकत्या त्याच जागी नसतील तर प्रकाश विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि चालकाला स्वतःच्या चाकापुढचाच रस्ता जास्त उजळ दिसतो. त्यामुळे उजेड वाढल्याचा भास होतो, दूरचे मात्र दिसत नाही.

कोणताही बदल केल्यावर दिव्याचा कोन तपासावा लागतो. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर स्कूटर सरळ धरून, चालक बसलेला असताना, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने नोंदवतात. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या सुमारे १० ते १५ सेंटिमीटर खाली यावी लागते. मागे नेहमी कोणी बसत असेल किंवा दुधाचे कॅन टांगले जात असतील, तर तपासणीही तेवढ्याच ओझ्यासह करणे योग्य, कारण मागचा भार वाढला की दिव्याचे तोंड वर जाते.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला असणे बंधनकारक आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला तो दिपवणारा नसावा, अशी त्यात व्याख्या आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. जीर्ण वायर बदलणे, अर्थ दुरुस्त करणे किंवा त्याच प्रकारचा व वॅटचा प्रमाणित बल्ब बसवणे ही दुरुस्ती आहे, फेरबदल नव्हे.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींमध्ये इंजिन सुरू होताच हेडलाइट आपोआप लागण्याची सोय सक्तीची झाली आणि हेडलाइट बंद करण्याचे बटण काढले गेले. दिवसा दिवा चालू दिसल्यावर रस्त्यावरचे लोक हात उघडझाप करून खूण करतात, पण या गाड्यांच्या चालकांना तो बंद करता येत नाही. असा दिवा बंद ठेवण्यासाठी वेगळा स्विच बसवून देण्याचे काम काही ठिकाणी होते. तेही मूळ रचनेतील फेरबदलच ठरते.