मुळशी सत्याग्रह

मुळशी सत्याग्रह (1921–1924) हा पुणे जिल्ह्याच्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी टाटा कंपनीच्या नियोजित धरणाविरुद्ध दिलेला लढा होय. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. पुण्यातील पत्रकार या लढ्यात केवळ बातमीदार न राहता सत्याग्रही म्हणूनही उतरले.

पार्श्वभूमी

मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी आधी शेजारच्या मावळ तालुक्यात लोणावळ्याजवळ वळवण आदी तलाव बांधले. खोपोलीचे वीजगृह 1915 मध्ये सुरू झाले. पुढे नीला व मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेस कोकणात उतरवण्याची योजना निघाली. तीत पन्नासच्या आसपास गावे व आंबेमोहोराची भातखाचरे बाधित होणार होती. जमीनमालकांना न विचारता चाचणीचे खड्डे खणल्यामुळे असंतोष वाढला. परकीय सरकारचा भूसंपादन कायदा आणि स्वदेशी भांडवल येथे एकाच बाजूस उभे होते. राष्ट्रीय पुढाऱ्यांची खरी अडचण हीच होती.

सत्याग्रह आणि वृत्तपत्रे

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला व काम काही महिने थांबले. त्याच महिन्यात महात्मा गांधींनी 'यंग इंडिया'तून मावळ्यांची बाजू मांडली. चळवळीचे नेते पांडुरंग महादेव बापट हे 'चित्रमयजगत', 'मराठा' व 'लोकसंग्रह' या पत्रांत काम केलेले पत्रकार होते. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांचे ते पत्र सरकारी दडपणामुळे 1910 मध्येच बंद पडले होते. मुळशीच्या सत्याग्रहात त्यांनी 1922 मध्ये कारावास पत्करला. विनायकराव भुस्कुटे यांनी लढ्यात भाग घेतला आणि पुढे त्याचा इतिहासही लिहिला. कष्टकरी मावळ्यांचे म्हणणे मात्र बहुतांशी या सुशिक्षितांच्या लेखणीतूनच उरले आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

फूट आणि अखेर

काम पुन्हा सुरू झाल्यावर लढ्याचा दुसरा टप्पा झाला आणि अटकसत्र चालले. पेट्यातील बरीच जमीन सावकारांकडे होती. त्यांना पैशाच्या रूपाने भरपाई चालणार होती. कुळांची मागणी जमीन न सोडण्याची होती. 'जान किंवा जमीन' ही घोषणा कुळांच्या दृष्टीने अक्षरशः खरी होती. सरकारने भरपाईचा मार्ग मोकळा केल्यावर एकजूट मोडली. डिसेंबर 1924 मध्ये बापटांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची रेल्वे शस्त्रानिशी अडवली. ही कृती अहिंसेच्या मर्यादेत बसत नव्हती. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. 'सेनापती' ही उपाधी त्यांना याच लढ्यामुळे मिळाली.

धरण पूर्ण झाले व भिरा येथील वीजगृह 1927 मध्ये सुरू झाले. मुळशीच्या पाण्याचा मोठा भाग आजही मुळेच्या पात्रात न येता कोकणात उतरतो.