एका खुर्चीच्या दोन खुर्च्या

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या नगरशासनात सत्ता एकाच हाती ठेवण्याची सवय नाझींच्या फार आधीची आहे. 1806 मध्ये नेपोलियनने बेर्गची ग्रँड डची उभारली, ड्युसेलडॉर्फला तिची राजधानी केले आणि वरून नेमलेल्या महापौराची फ्रेंच पद्धत ऱ्हाइनकाठी आणली. 1815 मध्ये शहर प्रशियाकडे गेले. धनी बदलले, पण पद्धत त्यांना सोयीची वाटली. ऱ्हाइन प्रांतासाठी 1856 मध्ये झालेल्या नगर कायद्यानुसार महापौर हाच नगरसभेचा अध्यक्ष आणि प्रशासनाचा प्रमुख असे. सभेपुढे विषय आणणारा, चर्चा चालवणारा आणि ठरावाची अंमलबजावणी करणारा माणूस एकच. त्याची निवड नगरसभा करी, पण तिला सरकारची मंजुरी लागे.

ही नगरसभाही कोणाची होती, ते पाहण्यासारखे आहे. 1845 पासून ऱ्हाइन प्रांतातल्या नगरांत मतदारांचे तीन वर्ग पाडले जात. एकूण कराचे तीन सारखे भाग करायचे. पहिला भाग भरणारे मोजके धनिक हा पहिला वर्ग, त्यांच्या खालचे मध्यम करदाते दुसरा आणि उरलेली सारी गर्दी तिसरा. प्रत्येक वर्ग सारखेच नगरसेवक निवडून देई. शेजारच्या एसेन शहरात एकटा पोलाद कारखानदार क्रुप कराचा इतका मोठा वाटा भरत असे, की एक तृतीयांश नगरसेवक ठरवणे त्याच्या एकट्याच्या हाती गेले. मतपेटी होती, मोजणीही होत होती. निकाल मात्र करवहीतच लागलेला असे.

वरून चालणाऱ्या सत्तेविरुद्ध 1848 च्या क्रांतीच्या काळात शहराने एकदा जोर लावून पाहिला होता. ऑगस्ट 1848 मध्ये राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म ड्युसेलडॉर्फला आला तेव्हा त्याच्यावर घोड्यांची लीद फेकली गेली. लोरेन्झ कांताडोर या व्यापाऱ्याने नागरी पथकाचे नेतृत्व केले, समाजवादी फर्डिनांड लासालने कर न भरण्याची हाक दिली. नोव्हेंबरात शहरात लष्करी कायदा लागू झाला, लासाल तुरुंगात गेला. मे 1849 मध्ये रस्त्यांत उभारलेले अडथळे सैन्याने मोडून काढले. कांताडोर पुढे अमेरिकेत निघून गेला. तीन वर्गांचा मताधिकार साम्राज्याबरोबरच, म्हणजे 1918 मध्ये संपला.

त्यानंतर मत सर्वांना सारखे झाले, स्त्रियांनाही मिळाले. महापौराची खुर्ची मात्र होती तशीच राहिली. 1924 पासून रोबेर्ट लेर त्या खुर्चीवर होते. शेजारच्या कलोनमध्ये कोनराड आडेनाउअर 1917 पासून तशाच अधिकाराने राज्य करत होते, आणि ‘राज्य’ हा शब्द इथे फारसा जड होत नाही. माणसे कर्तबगार होती, म्हणून पद्धतीतला धोका झाकला गेला. एप्रिल 1933 मध्ये नाझींनी लेर यांना आरोप ठेवून अटक केली. 1935 च्या नगर कायद्याने नगरसेवकांचा मताचा हक्कच काढून घेतला; त्यांनी फक्त सल्ला द्यायचा, निर्णय महापौराचा आणि महापौर पक्षाच्या पसंतीचा. यासाठी नाझींना नवे यंत्र घडवावे लागले नाही. निम्मे आधीच तयार होते.

17 एप्रिल 1945 रोजी अमेरिकन सैन्य शहरात लढाईविना शिरले, कारण काही नागरिक आणि पोलीस अधिकाऱ्यांनी आदल्या दिवशी पोलीसप्रमुखाला पकडून शरणागतीचा घाट घातला होता. त्यांपैकी पाच जणांना नाझींनी गोळ्या घातल्या. काही आठवड्यांत कारभार ब्रिटिशांकडे आला.

ब्रिटिशांचा रोख निवडणुकीआधी खुर्चीवर होता. नगरप्रशासनाच्या सुधारणेची जबाबदारी हॅरॉल्ड इन्ग्रॅम्स यांच्याकडे होती. हे गृहस्थ त्याआधी अरबस्तानातल्या हद्रामौतमध्ये वसाहतीचे अधिकारी होते. लोकशाही शिकवायला वसाहतीचा अधिकारी यावा, ही गंमत जर्मनांच्याही लक्षात आली असेल. 1 एप्रिल 1946 पासून लागू झालेल्या कायद्याने महापौरपदाचे दोन तुकडे केले. नगरसभेने निवडलेला मानद महापौर सभेचे अध्यक्षपद सांभाळणार आणि पगारी मुख्य प्रशासक, म्हणजे ओबरश्टाट्डिरेक्टर, कचेरी चालवणार.

मुंबई महापालिकेचा कारभार ठाऊक असलेल्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. पण वाटणी सारखी नव्हती. 1888 च्या कायद्याने मुंबईत आयुक्त सरकार नेमते आणि कार्यकारी अधिकार त्याच्याकडे असतात, महापौर मुख्यतः मानाचा. ड्युसेलडॉर्फमध्ये प्रशासकाला नगरसभाच निवडत होती आणि तो तिच्याच ताबेदारीत होता.

नव्या व्यवस्थेतले पहिले महत्त्वाचे महापौर कार्ल आर्नोल्ड. ते मूळचे जोडे बनवणारे कारागीर आणि ख्रिस्ती कामगार संघटनेचे कार्यकर्ते. 1944 मध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, त्यांना पकडले होते. ऑक्टोबर 1946 मध्ये नगरसभेची पहिली मुक्त निवडणूक झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया हे राज्य बनवून ड्युसेलडॉर्फला राजधानी केले होते. 2 ऑक्टोबरला ऑपेरागृहात भरलेल्या त्याच्या पहिल्या विधिमंडळातले सदस्य मात्र नेमलेले होते. 1947 च्या वसंतात भाकरी आणि कोळशासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. एप्रिलमध्ये विधिमंडळाची निवडणूक झाली आणि जूनमध्ये आर्नोल्ड राज्याचे मुख्यमंत्री झाले.

या उभारणीतली खरी अडचण ऑगस्ट 1948 मध्ये उघड झाली. कोळसा आणि पोलादाचे मालक आणि नाझी यांचे सख्य जुने. जानेवारी 1932 मध्ये हिटलरने इथल्याच उद्योगपतींच्या क्लबपुढे भाषण केले होते. म्हणून कोळसा उद्योग सार्वजनिक मालकीचा करण्याचा कायदा निवडून आलेल्या विधिमंडळाने केला, आणि ब्रिटिश लष्करी राज्यपालांनी त्याला मंजुरी नाकारली. सत्तेची वाटणी शिकवणाऱ्यांनी शेवटचा शब्द आपल्याकडेच ठेवला होता. आर्थिक सत्तेची थोडी वाटणी 1951 मध्ये संघराज्याच्या कायद्याने झाली: कोळसा-पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळात कामगारांना मालकांइतक्या जागा मिळाल्या.

दोन खुर्च्यांची पद्धत मात्र टिकली, पण कुरकुरत. मानद महापौराला लोक शहराचा प्रमुख समजत आणि तक्रारी त्याच्याकडेच घेऊन येत. प्रशासकाला विषयाची माहिती अधिक, त्यामुळे निर्णयाचे सूत्र बहुतेक वेळा त्याच्या हाती. चूक कोणाची, हे मतदाराला कळेना, आणि पक्षनेते बैठकीआधीच सारे ठरवून येत. सत्ता विभागल्याने जबाबदारीही विभागली जाते, हे ब्रिटिशांच्या हिशेबात नव्हते. राज्याच्या 1994 च्या कायद्याने दोन्ही पदे पुन्हा एकत्र केली. सप्टेंबर 1999 च्या निवडणुकीत योआखिम एर्विन हे ड्युसेलडॉर्फचे थेट लोकांनी निवडलेले पहिले महापौर ठरले. शेवटच्या मानद महापौर मार्लीस स्मेट्स त्यांच्याविरुद्ध हरल्या.

खुर्ची पुन्हा एक झाली तेव्हा तिला एक नवा लगाम घातला गेला. जुन्या एकाच खुर्चीच्या काळात महापौराला वरचे सरकार मंजूर करत असे. आता त्याला खाली ओढण्याचा हक्क लोकांकडे आहे. नगरसभेने दोन तृतीयांश मतांनी प्रस्ताव आणला, तर नागरिक मतदानाने महापौराला परत बोलावू शकतात. 2011 पासून ही प्रक्रिया नागरिकांनाच सह्या गोळा करून सुरू करता येते. फेब्रुवारी 2012 मध्ये शेजारच्या डुइसबुर्गच्या नागरिकांनी महापौर आडोल्फ झाउअरलांड यांना याच मार्गाने पदावरून काढले. 2010 च्या लव्ह परेड या तिथल्या संगीत महोत्सवातील चेंगराचेंगरीत 21 जण मरण पावले होते, आणि त्याची जबाबदारी महापौराने घ्यावी, अशी नागरिकांची मागणी होती.