नाव सांगा, मग मत मांडा

१९५१-५२ साली देशाची पहिली निवडणूक झाली. तेव्हा यादी करायला आलेल्यांना कित्येक बायांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून गळाली.

आज महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपालिकेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण नावच नसेल तर मत कसं देणार? विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागाची यादी होते. निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. म्हणून या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत आपण यादी वाचू. नव्या सुनेचं नाव माहेरीच राहिलं असेल, तर बीएलओकडे आत्ताच अर्ज देऊ. मतदानाला मग सगळ्याजणी मिळून जाऊ.