गाणं त्यांचं, अर्थ कुणाचा?



गाण्याच्या अर्थावरून कधीच वाद झाला नाही, असं घर सापडणं अवघड. रेडिओवर गाणं लागतं. एक म्हणते, ही बाई विरहात आहे. दुसरी म्हणते, छे गं, ती तर सुटले एकदाची म्हणून खूश आहे. आमच्या केंद्रावर फर्माईशीचा कार्यक्रम संपला की चहा होईस्तोवर हेच चालतं. कुणी तर शब्दच चुकीचा ऐकलेला असतो आणि त्या चुकीच्या शब्दाला वर्षानुवर्षं छान अर्थ चिकटवलेला असतो. आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. एकेका अभंगावर दोन-दोन तास निरूपण ऐकणारी माणसं आपण. नाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे नुसता विंचू नव्हे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

आज अशाच एका वादाची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट आहे इंग्लंडातल्या बीटल्स या वाद्यवृंदाची आणि त्यांच्या गाण्यांचा अर्थ शोधणाऱ्या चाहत्यांची. हा शोध कधी हसण्यावारी गेला, कधी शाळेच्या वर्गात पोचला, आणि एका ठिकाणी माणसांच्या जिवावर बेतला. असं का झालं, ते आपण पाहू.

लिव्हरपूल हे इंग्लंडातलं एक बंदर. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार ही तिथली चार मुलं. बहुतेक गाणी जॉन आणि पॉल लिहीत. १९६३ साली इंग्लंडात त्यांची लाट आली. फेब्रुवारी १९६४मध्ये ते अमेरिकेत टीव्हीवर गायले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यांच्या कार्यक्रमांना मुलींची झुंबड उडे. मुली किंचाळत, रडत. मोठ्या माणसांनी त्यांना वेड्या ठरवून टाकलं. पण या मुली नीट ऐकतही होत्या. पॉलनं पुढे सांगितलं आहे की सुरुवातीच्या गाण्यांत ‘मी’, ‘तू’, ‘तुला’ असे शब्द ते मुद्दाम घालत, म्हणजे ऐकणारीला वाटावं, हे माझ्याशीच बोलताहेत. तेव्हा ‘हे गाणं माझंच आहे’ असं एखादीला वाटलं, तर तो तिचा भ्रम नव्हता. गाणं बांधलंच तसं होतं.

१९६७ साली त्यांची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही मोठी तबकडी आली. तिच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले होते. आपल्याकडे थिएटरबाहेर सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या मिळायच्या, त्यामुळे आपल्याला हे किरकोळ वाटेल. पण तिकडे मोठ्या तबकडीवर असे सगळे शब्द छापण्याची रीत नव्हती. शब्द कळले नाहीत तर सुई उचलून पुन्हा मागे ठेवायची, एवढाच उपाय. आता गाणं पुस्तकासारखं वाचता येऊ लागलं. आणि वाचता आलं की ओळींच्या मधलंही वाचलं जातंच.

त्या तबकडीत ‘ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ नावाचं गाणं होतं. चाहत्यांनी नावातली अक्षरं जुळवली : ल्यूसीचं एल, स्कायचं एस, डायमंड्सचं डी. एलएसडी! भास घडवणारं हे मादक द्रव्य तेव्हा तिकडच्या तरुणांत पसरलेलं होतं. गाण्यातली चित्रंही स्वप्नातल्यासारखी. मग काय, गुपित सापडलंच! जॉननं मात्र शेवटपर्यंत सांगितलं की त्याचा लहानगा मुलगा ज्युलियन बालवाडीतून एक चित्र घेऊन आला होता. चित्रात त्याच्या वर्गातली ल्यूसी होती आणि गाण्याचं नाव ज्युलियननं सांगितलेलंच होतं. ही ल्यूसी खरोखर होती, हे पुढे लोकांना कळलंही. पण चाहत्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. त्या काळातल्या काही गाण्यांवर नशेची छाया होती, हे पॉलनं नंतर मान्य केलं. म्हणजे एकाच गाण्याबद्दल ते गाणाऱ्या दोघांचंही बोलणं तंतोतंत जुळत नव्हतं! त्याच तबकडीतलं ‘अ डे इन द लाइफ’ हे गाणं तर बीबीसीनं याच संशयावरून वाजवायचं नाकारलं.

आणि ल्यूसीची गंमत इथेच संपत नाही. नोव्हेंबर १९७४मध्ये इथिओपियात हदार इथं डोनाल्ड जोहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मानवाच्या अतिप्राचीन पूर्वजाची हाडं सापडली. सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, आणि बहुधा एका मादीची. त्या संध्याकाळी तळावर हेच गाणं वाजत होतं. म्हणून तिचं नाव पडलं ल्यूसी. बालवाडीतल्या मुलीचं नाव असं जाऊन बसलं आपल्या सगळ्यांच्या आदिम आजीला. हा अर्थ ना जॉनच्या मनात होता, ना चाहत्यांच्या.

त्याच तबकडीतलं आणखी एक गाणं आपल्या जिव्हाळ्याचं आहे, ‘शीज लीव्हिंग होम’. १७ वर्षांची एक मुलगी घर सोडून गेली, अशी बातमी पॉलनं पेपरात वाचली. तिला घरात काही कमी नव्हतं, मग ती का गेली, असं वडिलांना कोडं पडलेलं. त्यावरून हे गाणं झालं. पॉल मुलीच्या जाण्याची हकिगत गातो आणि मधूनमधून जॉनच्या आवाजात आईबापांचा आक्रोश येतो. त्यामुळे मुलगी ऐकते तेव्हा एक अर्थ, आई ऐकते तेव्हा दुसरा. आपण सोळाव्या वर्षी ऐकलेलं गाणं पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षी ऐकलं, तर आपण स्वतःशीच वाद घालू. बातमीतल्या त्या मुलीनं मोठेपणी सांगितलं की गाण्यातलं बरंचसं तिच्या घराला लागू पडत होतं. गंमत म्हणजे १९६३ साली टीव्हीवरच्या एका स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं होतं, ते पॉलच्याच हातून. गाणं लिहिताना त्याला याचा पत्ताही नव्हता. या गाण्यात हार्प हे तारांचं वाद्य वाजवलं आहे शीला ब्रॉमबर्ग यांनी. बीटल्सच्या तबकडीवर वाजवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

तोवर वाद शाळेतही पोचला होता. जॉनच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचं त्याला पत्र आलं की आमचे गुरुजी वर्गात तुमच्या गाण्यांचा अर्थ शिकवतात. जॉनला हसू आवरेना. ज्या शाळेनं आपल्याला वाया गेलेला ठरवलं, तीच आता आपले शब्द फोडून शिकवते! मग त्यानं ठरवून असं गाणं लिहिलं की कुणालाच अर्थ लागू नये. ते ‘आय ॲम द वॉलरस’. वॉलरस म्हणजे बर्फाळ समुद्रातला लांब सुळ्यांचा प्राणी. तो त्यानं उचलला होता लुइस कॅरॉलच्या एका कवितेतून. नंतर जॉनच्या लक्षात आलं की त्या कवितेतला वॉलरस हा लबाड आहे, आपण चुकीच्याच प्राण्याची बाजू घेतली! म्हणजे इतरांना चकवायला निघालेल्या कवीनंच दुसऱ्याच्या कवितेचा अर्थ चुकवला होता. चाहते मात्र हटले नाहीत. पुढच्याच वर्षी ‘ग्लास अनियन’ या गाण्यात जॉननं त्यांना आणखी डिवचलं आणि वॉलरस म्हणजे पॉल, असं सांगून मोकळा झाला.

ही थट्टा पॉलला महागात पडली. ऑक्टोबर १९६९मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात एका रेडिओ केंद्रावर रस गिब नावाचे निवेदक कार्यक्रम करत होते. एका श्रोत्याचा फोन आला : पॉल मॅकार्टनी कधीच मेला आहे, त्याच्या जागी तोतया उभा केलाय, अमुक गाणं उलटं वाजवून बघा! गिब यांनी तबकडी उलटी फिरवली. ऐकणाऱ्यांना त्यात मरणाची भाषा ऐकू आली. मग फोनवर फोन. दोनच दिवसांनी मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पेपरात एका तरुणानं पुराव्यांची यादीच छापली. त्यातले कित्येक पुरावे त्यानं गंमत म्हणून मनानंच रचले होते. लोकांनी ते खरे धरले. ‘ॲबी रोड’ या नव्या तबकडीवर चौघे रस्ता ओलांडत असल्याचा फोटो होता. चाहत्यांनी त्याची अंत्ययात्रा केली : पांढऱ्या कपड्यांतला जॉन म्हणजे पाद्री, काळ्या कपड्यांतला रिंगो म्हणजे अंत्यविधी करणारा, डेनिममधला जॉर्ज म्हणजे कबर खोदणारा आणि अनवाणी पॉल म्हणजे प्रेत. खरी गोष्ट साधी होती. त्या दिवशी उकडत होतं, म्हणून पॉलनं चपला काढल्या होत्या! शेवटी ‘लाइफ’ साप्ताहिकाची माणसं स्कॉटलंडमधल्या त्याच्या शेतावर गेली. नोव्हेंबरच्या अंकात पॉल, त्याची बायको आणि मुलं यांचा फोटो मुखपृष्ठावर आला. माणूस धडधाकट होता.

मैत्रिणींनो, आपणही रेडिओवाल्या, म्हणून ही गोष्ट आमच्या मनाला लागते. एक फोन, एक निवेदक, आणि ‘ऐकू आलं ना तुम्हालाही?’ हा प्रश्न. काय ऐकू येणार हे आधी सांगितलं की कानाला तेच ऐकू येतं.

तरीही या अफवेनं कुणाचा जीव घेतला नाही. आता जी गोष्ट सांगायची आहे, ती तशी नाही. तो अनवाणी फोटो काढला होता ८ ऑगस्ट १९६९ रोजी. त्याच आठवड्यात, ९ आणि १० ऑगस्टला, अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये दोन घरांत सात माणसांचे खून झाले. त्यांत अभिनेत्री शॅरन टेट होती. तिचे दिवस भरत आले होते. हे खून चार्ल्स मॅन्सन नावाच्या माणसाच्या सांगण्यावरून झाले होते. शहराबाहेरच्या एका फार्मवर तो तरुण पोरापोरींचा गट जमवून राहत असे. त्या गटात घर सोडून आलेल्या मुली बऱ्याच होत्या. १९६८च्या अखेरीस आलेली बीटल्सची पांढऱ्या वेष्टनाची तबकडी तो त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवी आणि सांगे की बीटल्स आपल्याशीच बोलताहेत. त्यातल्या ‘हेल्टर स्केल्टर’ या गाण्याचा अर्थ त्यानं लावला होता काळ्यागोऱ्यांचं महायुद्ध. इंग्लंडात ‘हेल्टर स्केल्टर’ म्हणजे जत्रेतली उंच गोल घसरगुंडी! दुसऱ्या घरातल्या फ्रीजवर मारेकऱ्यांनी हे शब्द रक्तानं लिहून ठेवले होते, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. १९७१ साली मॅन्सन आणि त्याच्याबरोबर तीन तरुणी दोषी ठरल्या. या गाण्याचा खुनाशी काय संबंध, ते मला कळत नाही, अशा अर्थाचं जॉन तेव्हा बोलला होता.

आम्ही या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बराच विचार केला. पॉल मेला म्हणणाऱ्यांनीही नको तो अर्थ काढला होता आणि मॅन्सननंही. मग फरक कुठे पडला? आम्हाला असं वाटतं की पॉलच्या अफवेत माणसं एकमेकांशी भांडत होती. एक म्हणे, हा पुरावा. दुसरी म्हणे, दाखव. तिसरा गाडी काढून स्कॉटलंडला जाऊन माणूस बघून आला. मॅन्सनच्या फार्मवर वादच नव्हता. अर्थ एकच माणूस सांगे आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. त्या मुलींपैकी एकीनं जरी ‘अहो, ही तर घसरगुंडी’ असं म्हटलं असतं, तरी तिथं तिचं कुणी ऐकलं नसतं. गाण्याचा चुकीचा अर्थ लावण्यात धोका नाही, तो आपण सगळ्याच लावतो. धोका आहे तो अर्थाची मालकी एकाच्या हाती जाण्यात. मग तो गाण्याचा अर्थ असो, पोथीचा असो, नाहीतर घरातल्या एखाद्या निर्णयाचा.

शेवटासाठी एक हलकी गोष्ट राखून ठेवली होती. मार्च १९६८मध्ये बीटल्सची एक छोटी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला जॉर्जचं ‘द इनर लाइट’ हे गाणं होतं. त्याचं वादन झालं होतं आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, आपल्याकडच्या वादकांसोबत. सूर ऐकून वाटावं, विचारही इथलाच. पण शब्दांचं मूळ आहे ‘ताओ ते चिंग’ या जुन्या चिनी ग्रंथात. दुसऱ्या बाजूला पॉलचं ‘लेडी मॅडोना’ : पोराबाळांच्या रगाड्यात आठवडा काढणाऱ्या आईचं गाणं. त्यात आठवड्याचे वार येतात, फक्त शनिवार येत नाही. हे खुद्द पॉलच्या ध्यानात आलं ते बऱ्याच वर्षांनी, पुन्हा गायला म्हणून शब्द लिहून काढताना. तेव्हा तो गमतीनं म्हणाला की त्या रात्री बाई मजा करायला बाहेर गेली असणार!

आम्ही हे केंद्रावर सांगितलं, तर लगेच दोन तट पडले. एक म्हणाली, बरोबर आहे, एक दिवस तिचा असायलाच हवा. दुसरी म्हणाली, कसली मजा, शनिवारी ती आजारी पडून झोपली असेल. चहा थंड झाला, वाद मिटला नाही. तुम्हाला काय वाटतं, शनिवारी ती आई कुठे होती?