भाजी एकच, गुण निराळा

मी सातवीपर्यंत शिकलेली. इतिहास म्हणजे राजांच्या लढाया, असेच मला वाटे. पण आपल्या ताटातील पालेभाजीलाही इतिहास आहे.

माझ्या सासूबाई तांदुळजाचे पान हातात घेऊन म्हणत, "उन्हातल्या पानाचा कस ढगाळ दिवसांतल्या पानाला नाही." आम्ही सुना हसत असू.

१७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील डॉक्टराने लिंबू-संत्री देऊन खलाशांचा स्कर्व्ही रोग बरा केला. त्या फळांतला गुण म्हणजे 'क' जीवनसत्त्व. त्यावरील कामासाठी सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेले आहारसंशोधन १९५८ साली हैदराबादला गेले. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांचे तक्ते काढले, तेव्हा देशाच्या सहा विभागांतून नमुने आणले. कारण जागा बदलली की गुणही बदलतो.

'क' जीवनसत्त्वासारखी द्रव्ये आपल्या शरीराची झीज आवरतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. झाड ती मुळात स्वतःच्या रक्षणासाठी करते. म्हणून चांगल्या उन्हात ती बहुधा वाढतात, सावलीत घटतात. दुसरे कारण बियाण्याचे. हिरवा माठ आणि लाल माठ एका वाफ्यात लावले, तरी लाल रंगाचे द्रव्य लाल माठातच उतरते. म्हणजे सासूबाईंचे म्हणणे खोटे नव्हते.

जुने नियमही ऋतूप्रमाणे असत. चातुर्मासाचे व्रत करणाऱ्या घरी श्रावणात शाक वर्ज्य. तर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, आपल्या भिल्ल-पावरा भगिनी पावसाळ्यातच टाकळा, कुरडू खुडतात. आता ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सवही भरतात.

पण एक खंत सांगते. आमच्या बांधावर तणनाशक मारले आणि तांदुळजा गेला. सासूबाई दर साली गाडग्यात बी राखीत. त्यांच्या मागे मी ते राखले नाही. आज सासूबाईही नाहीत आणि ते बीही नाही. बाजारातून जुडी मिळते, पण ते वाण मिळत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच: भाजी खुडल्या दिवशीच करावी, आधी धुऊन मग चिरावी, आणि प्रत्येकीने एका तरी भाजीचे मूठभर बी राखून शेजारणीला द्यावे. माझ्या घरचे गेले, तुमच्या घरचे जाऊ देऊ नका.