रेशमावरील अकरा मार्ग

चीनच्या हुनान प्रांतातील मावांगदुई येथे १९७३ मध्ये एक प्राचीन थडगे उघडण्यात आले. इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या त्या थडग्यात रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सापडले. आम्हां कापड व्यापाऱ्यांचा रेशमाशी संबंध नेसण्यापुरता; एकवीस शतके विद्या जपणारे रेशीम विरळाच!

ॲक्युपंक्चरचे मार्ग आणि बिंदू पौराणिक पीत सम्राटाने जगाला दिले, अशी चिनी परंपरा आहे. रेशमावरील नोंद मात्र निराळे सांगते. तीत हातापायांतून शरीरभर जाणारे केवळ अकरा मार्ग आहेत. बिंदूंची नावे नाहीत, सुईचाही उल्लेख नाही. उपचार आहे तो दवण्याच्या जातीच्या वनस्पतीची वाळलेली पाने जाळून दिलेल्या शेकाचा. पुढे पीत सम्राटाच्याच नावाने संकलित झालेल्या ग्रंथात मार्ग बारा झाले आणि सुई आली. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी या विद्वानाने ३४९ बिंदू सुसूत्रपणे नोंदवले.

ग्रंथांच्या नकला करताना चुका शिरत. म्हणून सोंग राजवटीत वांग वेइयी याने प्रमाणग्रंथ सिद्ध केला व १०२७ मध्ये कांस्याच्या दोन पुरुषाकृती घडवल्या. विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण चढवून आत पाणी भरीत. अचूक जागी सुई गेली तरच पाणी बाहेर येई, असे सांगतात.

बिंदू शोधण्याचे मापही मार्मिक आहे. रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी म्हणजे एक ‘त्सुन’. आमच्या दुकानातील गज सर्वांना सारखाच. येथे ज्याचे शरीर, त्याचेच माप!

१८२२ मध्ये सम्राट दाओग्वांगने राजवैद्यकसंस्थेतून ही विद्या वगळली. तरी ती लोकांत टिकली. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ बिंदूंची स्थाने प्रमाणित केली. सहा बिंदूंबाबत एकमत झाले नाही, तेव्हा त्यांच्या पर्यायी जागाही नोंदवल्या गेल्या. आधुनिक शरीरविच्छेदनात हे मार्ग आढळलेले नाहीत. काही वेदनांत सुईने आराम पडतो. परंतु अनेक चाचण्यांत बिंदू सोडून अन्यत्र सुई टोचूनही जवळपास तितकाच आराम पडल्याचे दिसले आहे.

अकराचे बारा झाले, ३४९ चे ३६१ झाले. वहीत दुरुस्ती झाली म्हणून वही खोटी ठरत नाही. दुरुस्ती लपवली तर मात्र ठरते. प्राचीन विद्येचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिचा हिशेबही असाच उघडा ठेवावा, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.