क्षयजंतूचा वैरी

क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉखनें १८८२ सालीं जगास दाखविला. परंतु जंतु ओळखणें निराळें, आणि त्यावर कोणतें औषध चालेल हें वेळेवर कळणें निराळें. हा जंतु मोठा संथ. आंतड्यांतील सामान्य जंतु वीस मिनिटांत दुणावतो, ह्याला सुमारें वीस तास लागतात. त्यामुळें प्रयोगशाळेंत तो वाढवून त्यावर औषध पारखावयाचें तर कित्येक आठवडे जात. नाशिक जिल्ह्यांतील नामपूरसारख्या मोसमकांठच्या गांवाहून आलेल्या रोग्यास ‘दोन महिन्यांनीं या’ म्हणून सांगितलें, तर तेवढा काळ तो कदाचित् निरुपयोगी औषध घेत मुलाबाळांत खोकत राहणार! ह्या दिरंगाईवर एक उपाय सुचला तो जंतूच्याच वैऱ्यामुळें.

जंतूंनाही ग्रासणारे विषाणु असतात, हें इंग्लंडांत ट्वॉर्टनें १९१५ त व पॅरिस येथें देरेलनें १९१७ त दाखविलें. देरेलनें १९२७ त हिंदुस्थानांत येऊन पटकीवर त्यांचा प्रयोगही केला. क्षयजंतूच्या कुळाचे भक्षक मात्र १९४७ पर्यंत हातीं लागले नव्हते. ते सांपडले मातींत, आणि त्यांना शोधण्याची रीत आजही तीच आहे. काचेच्या बशींत क्षयजंतूचा एक निरुपद्रवी चुलतभाऊ पेरतात. हा तीनचार तासांत दुणावतो, म्हणून सोयीचा. मग पाण्यांत घोळविलेली माती, जंतूही अडकतील इतक्या बारीक गाळणींतून गाळून, तें पाणी त्यांत मिसळतात. दोन दिवसांत बशीवर सायीसारखा थर धरतो, आणि विषाणूनें जेथें फडशा पाडला तेथें सायीला भोंक पडावें तसा स्वच्छ ठिपका दिसतो. चेन्नईच्या मातींतून असे मिळालेले विषाणु त्या शहराच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘चे-८’, ‘चे-१२’ म्हणून ओळखले जातात. नामपूरच्या कांद्याच्या वाफ्यांत ते नसतील, असें मानण्यास कांहीं कारण नाहीं.

हा विषाणु जंतूला चिकटून आपलें बीजद्रव्य आंत सोडतो. ह्याच खोडीचा उपयोग न्यूयॉर्कच्या विल्यम जेकब्स ह्यांनीं करून घेतला. १९८७ त त्यांनीं विषाणूच्या पाठीवर परकें बीजद्रव्य लादून जंतूंत पोंचविलें. आणि १९९३ त काजव्याच्या प्रकाशाचें बीज! जंतु जिवंत असेल तरच काजव्याचें द्रव्य घालतांच उजेड पडे. औषधानें मेला असेल तर अंधार. आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. युक्ति मोठी देखणी. पण थुंकींतील जंतूचें बीजद्रव्य दोन तासांत वाचणारी यंत्रें २०१० नंतर पसरलीं, आणि काजवा मागें पडला.

तथापि २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील वैद्यांनीं, तपासलेल्या एकाही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी नोंदविले, आणि अशा रोगावर दुसरें कोणतें शस्त्र चालेल, हा प्रश्न निकडीचा झाला. लंडनमधील एका पंधरा वर्षांच्या मुलीची हकीकत २०१९ त प्रसिद्ध झाली: क्षयजंतूच्या एका हट्टी भावकीनें पछाडलेल्या तिला तीन विषाणु टोंचण्यांत आले, व तिची प्रकृति बरीच सुधारली. त्यांतील एक दक्षिण आफ्रिकेंत कुजक्या वांग्याच्या खालच्या अंगास सांपडलेला होता. उरलेल्या दोघांत आधीं फेरफार करावे लागले. खऱ्या क्षयांत अडचण अधिक बिकट आहे. तेथें जंतु आपल्याच रक्षक पेशींच्या पोटांत दडून बसतो, आणि बशींतील सायीला भोंकें पाडणाऱ्या ह्या वैऱ्याला त्या पेशीची भिंत सहसा ओलांडतां येत नाहीं.